चार बोटं खाली

देवाने माणसाला दहा बोटं दिली, त्यातली नेमकी चार ढुंढिराज मुंडले यांच्या वाईटावर उठली.

एरवी सगळं छान चाललं होतं. मंडळाची गणपतीची मूर्ती सुरेख होती, सभागृहात प्राणप्रतिष्ठा झाली होती, मोदक बिघडले नव्हते, आणि विसर्जनासाठी ट्रकसुद्धा मिळाला होता. फक्त ट्रकवर चौरंग, चौरंगावर मूर्ती आणि मूर्तीवर मुकुट एवढं मोजून बघितलं, तेव्हा गल्लीच्या तोंडावरच्या नव्या लोखंडी कमानीपेक्षा बाप्पा बरोबर चार बोटं उंच भरले. कुणाची चार बोटं, यावरही मंडळात तासभर वाद झाला. श्रीराम गुरुजींची बोटं दर्भासारखी बारीक, आणि अध्यक्षांच्या हाताची दोन बोटं मिळूनच चार भरायची. शेवटी सचिव या नात्याने ढुंढिराजांची बोटं प्रमाण मानण्यात आली. त्यांना तेव्हा तो मान वाटला होता.

आता कुणी म्हणेल, कमानीखालून जात नाही तर मोठ्या रस्त्याने न्या. वाजवी बोलणं आहे. पण मोठ्या रस्त्यावर शरदिनीकाकू राहत नाहीत.

शरदिनीकाकू म्हणजे ढुंढिराजांच्या सख्ख्या काकू नव्हेत, मोहल्ल्याच्याच काकू. काशीत पाच पिढ्या काढलेल्या मराठी घरांतली मुलं घराबाहेर पडली की हिंदी बोलतात आणि घरात आली की मराठीत हिंदी बोलतात. त्या सगळ्या मुलांना काकूंनी आपल्या दिवाणखान्यात बसवून मराठी वाचायला शिकवलं, आरत्या शिकवल्या आणि 'लवथवती विक्राळा' चुकली की पट्टीने शिकवल्या. ढुंढिराजांच्या तळहातावर त्या आरतीची दोन कडवी अजून शाबूत आहेत. पूर्वी काकू रोज पंचगंगा घाटावर आंघोळीला जायच्या. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि त्या पहिल्या मजल्यावरच्या सज्ज्यात अडकल्या. तेव्हापासून मंडळाची रीत पडली. विसर्जनाची मिरवणूक काकूंच्या सज्ज्याखाली थांबायची, काकू वरून ओवाळायच्या, अक्षता टाकायच्या, मगच गाडी पुढे. एवढ्यासाठी मंडळाची उत्तरपूजाही सभागृहात होत नाही, थेट विसर्जनाच्या कुंडाच्या काठावर होते. वाटेत काकूंची आरती असते, आणि निरोप देऊन झालेल्या देवाची आरती काय करायची?

गेल्या वर्षी गल्ली खोदून ठेवली होती. मिरवणूक मोठ्या रस्त्याने गेली. गडबडीत काकूंना सांगायचं राहिलं. ते काम ढुंढिराजांचं होतं. काकू नऊवारी नेसून, तबक घेऊन सज्ज्यात उभ्या राहिल्या, निरांजनातलं तूप संपलं तरी उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी ढुंढिराज तोंड लपवत गेले तर काकू एवढंच म्हणाल्या, "अरे, देवाला घाई असेल." पट्टीने मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवशी त्यांनी काकूंच्या पायाला हात लावून शब्द दिला, "पुढच्या वर्षी बाप्पा इथूनच जाईल. माझा शब्द."

आणि पुढच्या वर्षी बंगाली मूर्तिकाराकडे जाऊन, उत्साहाच्या भरात, "इस बार ज़रा भव्य बनाइए," असंही तेच सांगून आले. स्वतःच्या शब्दाला स्वतःच चार बोटांनी अडवणारा माणूस बँकेतच नोकरीला असणार. ढुंढिराज होतेच.

"अहो," ढुंढिराजांच्या सौभाग्यवती इंदूवहिनी म्हणाल्या, "एवढं डोकं कशाला फोडता? मूर्ती आली कशावरून? ठेल्यावरूनच ना? मग तशीच ठेल्यावरून न्या. ठेला केवढासा असतो."

"इंदू," ढुंढिराज चष्मा काढून म्हणाले. त्यांना अपमान वाटला की ते चष्मा काढत, म्हणजे अपमान करणारा नीट दिसू नये. "आली तेव्हा ती माती होती, पेंढ्यात आडवी झोपून आली. आता तो देव आहे. काशीतल्या मराठी माणसांचा गणपती भाजीच्या ठेल्यावरून? लोक काय म्हणतील? 'का हो मुंडले साहब, किलो कैसे दिए?'"

इंदूवहिनी पोळ्या लाटायला निघून गेल्या. लाटणं मात्र बराच वेळ काहीतरी म्हणत होतं.

मूर्ती ट्रकवर जराशी कलती केली तर? ढुंढिराजांनी श्रीराम गुरुजींना विचारलं. गुरुजींनी कानांवर हात ठेवले. "प्राणप्रतिष्ठा झालीय, मुंडले. देवाला आपण कलवायचं नाही. तुम्हाला कुणी नव्वद अंशातून कलवून बँकेत नेलं तर चालेल?" मग मूर्तिकाराकडे मुकुट थोडा तासण्याची गोष्ट काढली, तर तो बिचारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "साहब, पूरा मूर्ति में सबसे अच्छा वही बना है." टायरमधली हवा कमी करावी म्हटलं, तर ट्रकवाला दिनानाथ म्हणाला, "हवा निकालिएगा तो टायर जाएगा. टायर जाएगा तो हम जाएँगे. हम जाएँगे तो ट्रक कौन चलाएगा, आप?" दिनानाथचं टेंट हाउस होतं. लग्नाच्या खुर्च्या, गाद्या, लोड, कढया सगळं त्याच ट्रकमधून फिरायचं, आणि ट्रकवर त्याचा जीव पोटच्या पोरासारखा.

राहिली कमान. पाइपची कमान, वर पत्र्याचा फलक, फलकावर 'स्वागतम्'. ज्याचं स्वागत करायचं तो खालून जाऊ शकत नाही, ही बाब फलक लावणाऱ्याच्या ध्यानात आली नसावी. ढुंढिराज अर्ज घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेले.

"कमान?" तिथले बाबू पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणाले. "कौन-सी कमान?"

"वही, जो गली के मुँह पर है."

बाबूंनी दोन कपाटं उघडली, एक मिटलं. "हमारे यहाँ तो ऐसी कोई कमान है ही नहीं."

ढुंढिराजांचा चेहरा फुलला. "मतलब हम हटवा सकते हैं?"

"अरे! सरकारी चीज़ को हाथ लगाइएगा? जेल जाइएगा!"

जी कमान अस्तित्वातच नाही ती हलवणं हा गुन्हा आहे, एवढं ज्ञान घेऊन ढुंढिराज परत आले. काशीत वेदान्त असा कुठेही मिळतो.

शेवटी तोडगा काढला सुशांतने. सुशांत म्हणजे ढुंढिराजांचा भाचा. कॉलेजात यंत्रांचं शिकवतो, स्वतःची स्कूटर ढकलत चालू करतो. त्याने एका लग्नपत्रिकेच्या मागे ट्रकचं चित्र काढलं. ते बकरीसारखं दिसत होतं, पण कुणी बोललं नाही.

"मामा, दिनानाथचा ट्रक मुळात जीपसारखी गाडी. मागचा भाग कापून त्याला हौदा लावलाय. म्हणून त्याला मागे ट्रकसारख्या लोखंडी पट्ट्या नाहीत, स्प्रिंगा आहेत. बरोबर?"

"बरोबर," ढुंढिराज म्हणाले. त्यांनी ट्रकखाली आयुष्यात कधी डोकावलं नव्हतं.

"स्प्रिंग म्हणजे वेटोळी. एखादं वेटोळं कापलं की स्प्रिंग आखूड. स्प्रिंग आखूड की गाडी खाली. पोरं हौसेने करतात हे. मोबाइलवर शंभर व्हिडिओ आहेत."

"आणि तोटा?"

"काही नाही. स्प्रिंग जरा कडक होते. धक्के बसतात थोडे."

"कुणाला?" आतून इंदूवहिनींचा आवाज आला. शास्त्रीय चर्चा असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करण्यात आलं.

दिनानाथला पटवायला मात्र मुत्सद्देगिरी लागली. "हमारी स्प्रिंग काटिएगा?" तो असा ओरडला की जणू त्याचीच नाडी कापायला मागितली. तेव्हा ढुंढिराजांनी आयुष्यातली सर्वांत निर्दोष योजना मांडली. भंगारवाल्याकडून तसल्याच दोन जुन्या स्प्रिंगा आणायच्या. त्या कापायच्या, त्या लावायच्या. दिनानाथच्या मूळ स्प्रिंगा काढून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि विसर्जनानंतर जशाच्या तशा परत. दिनानाथ शेवटी "भगवान का काम है," म्हणाला आणि चावी दिली. ढुंढिराजांना त्या रात्री झोपताना स्वतःबद्दल आदर वाटला. ही भावना त्यांना फार क्वचित यायची, त्यामुळे ती ओळखायला जरा वेळ लागला.

लल्लन मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे कडुलिंबाचं एक झाड, त्याखाली एक जॅक आणि जॅकभोवती चहा पिणारी माणसं. बनारसात एखादी गाडी वर उचलली गेली की पंधरा माणसं आपापली कामं सोडून खाली बघायला येतात आणि प्रत्येकाचा सल्ला तयार असतो.

"काटिए मत, आग दिखाइए. गरम होके अपने-आप बैठ जाएगी."

"हमरे साढ़ू की गाड़ी भी ऐसे ही बैठाई गई थी."

"फिर?"

"फिर उठी नहीं."

ढुंढिराजांनी लल्लनला सगळं नीट समजावलं. या जुन्या, या कापायच्या. या मूळच्या, यांना हात लावायचा नाही. लल्लन प्रत्येक वाक्याला "हो जाई, बाबूजी, हो जाई" म्हणत होता. हा आश्वासनाचा बनारसी प्रकार आहे. यात काम होईल एवढंच सांगितलेलं असतं, कोणतं ते नाही. त्यानंतर ढुंढिराज फक्त एक पान खायला कोपऱ्यापर्यंत गेले. परत आले तेव्हा ठिणग्यांची दिवाळी चालली होती आणि कडुलिंबाच्या मुळाशी गंजलेल्या दोन स्प्रिंगा अखंड, सुखरूप पडल्या होत्या.

"लल्लन! ई कौन-सी काट दिए?"

"गाड़ी वाली."

"अरे, कबाड़ वाली काटनी थी!"

लल्लनने यंत्र बंद केलं आणि दुखावलेल्या नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबूजी, कबाड़ वाली में ज़ंग रहा. गणेश भगवान की सवारी में ज़ंग लगा लोहा लगाते? हम मिस्त्री हैं, पापी नहीं हैं."

पंधराच्या पंधरा माणसांनी माना डोलावल्या. ढुंढिराज रागावले की हिंदीत बोलायचे, फारच रागावले की बनारसीत, आणि घाबरले की शुद्ध मराठीत. ते म्हणाले, "परमेश्वरा, आता मी दिनानाथास काय सांगावे?"

पुढचा प्रकार माकडाने दोन मांजरांना लोणी वाटून दिल्यासारखा झाला. स्प्रिंगा बसवल्या तर ट्रक डावीकडे झुकला. लल्लनने वेटोळी नजरेने मोजली होती. म्हणून उजवीची थोडी कापली. ट्रक उजवीकडे झुकला. डावीची कापली. सुशांत दर वेळी "आता बघा" म्हणायचा आणि दर वेळी बघण्यासारखं काहीतरी व्हायचं. अखेर ट्रक सरळ झाला तेव्हा चार बोटं हवी होती तिथे वीतभर मिळाली होती. मागची चाकं मडगार्डच्या आत अशी शिरली होती की ट्रक ओट्यावर बसून पाय सोडलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

आणि धक्के. 'जरा कडक' म्हणजे काय ते ढुंढिराजांना पहिल्याच खड्ड्यात कळलं. खड्डा ट्रकला कळलाच नाही, तो थेट त्यांच्या जिभेपर्यंत पोहोचला. जीभ चावली गेल्यामुळे दोन दिवस ते सभेत बोलू शकले नाहीत, आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच सभा वेळेवर संपली. मोहल्ल्यातली पोरं ट्रकसमोर उभी राहून मोबाइलवर फोटो काढू लागली. बँकेतला शिपाई म्हणाला, "साहब, सुना है गाड़ी नीची करवा लिए? इस उमर में?" चौकातल्या हवालदाराने ट्रक अडवला, भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "ई काहे बैठी है?" सुशांतने ताबडतोब, कुणी विचारलं नसताना, गाडीत असा बदल करणं नियमबाह्य असल्याचं सविस्तर सांगितलं. हवालदार भला माणूस. ढुंढिराजांचा चेहरा बघून म्हणाला, "गणेश जी की है न? विसर्जन तक हमने देखी नहीं. उसके बाद देखेंगे."

दिनानाथ रोज भेटायचा. "हमारी वाली सँभाल के रखे हैं न?"

"एकदम," ढुंढिराज म्हणायचे आणि चष्मा काढायचे.

एकदा त्यांना वाटलं, सगळं सोडावं, मोठ्या रस्त्याने न्यावं. त्याच संध्याकाळी काकूंकडे मोदक द्यायला गेले. काकूंनी निरांजन घासून चकचकीत करून ठेवलं होतं आणि शेजारी तुपाची अख्खी बरणी.

"एवढं तूप?"

"या वर्षी कमी पडायला नको," काकू म्हणाल्या. "तू येणारच आहेस म्हणा. शब्द दिलायस."

ढुंढिराज जिना उतरले. कडक स्प्रिंगेवर बसून आल्यासारखे.

विसर्जनाचा दिवस उजाडला. ट्रक झेंडूने मढला. ट्रकच्या हौद्यात चौरंग, मागून पाचरी ठोकून सरळ केलेला, त्यावर बाप्पा, तोंड पुढे. "देवाला मागे टेकायला काहीतरी हवं," असं गुरुजींनी बजावल्यामुळे दिनानाथने टेंट हाउसचे सर्वांत जाड दोन लोड मागे लावून दोरीने आवळले. बँड वाजायला लागला. वाजवणारे लग्नाच्या सवयीने मधूनमधून नवरदेवाचीच धून धरत होते, पण देवाने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

कमान आली. बँड थांबला. दिनानाथने ट्रक गोगलगायीसारखा पुढे घेतला. ढुंढिराज मुकुटाकडे बघत उलटे चालत होते, सुशांत एका बाजूने "या, या, या" करत होता, आणि पंधरा सल्लागार इथेही हजर होते. मुकुटाचं टोक पत्र्याखाली शिरलं. 'स्वागतम्' थरथरलं देखील नाही. बाप्पा पलीकडे निघाले, मधे चांगली सात-आठ बोटं जागा सोडून.

"मोरया!" असा काही आवाज उठला की चौकातला सांड उठून निघून गेला. बँड पुन्हा सुरू झाला, अध्यक्षांनी ढुंढिराजांना मिठी मारली. ढुंढिराजांनी चष्मा लावला. समोर गल्ली जिथे वळते, तिथे अगदी नाकासमोर काकूंचा सज्जा, सज्ज्यात नऊवारी, हातात तबक. आता फक्त वीस पावलं.

कमान आणि सज्जा यांच्या मधे गटारावरचा एक सिमेंटचा उंचवटा आहे. इतका जुना की तो कुणाच्या ध्यानातच राहत नाही. ढुंढिराजांनी कमान मोजली होती, मुकुट मोजला होता, वेटोळी मोजली होती. उंचवटा मोजला नव्हता, कारण तो खाली होता आणि सगळं मंडळ आठ दिवस वर बघत होतं.

पुढची चाकं सहज चढली, सहज उतरली. मग ट्रकचं पोट उंचवट्यावर टेकलं. दिनानाथने जोर दिला. ट्रक फरफटत पुढे गेला, मागची चाकं उंचवटा चढली, दण्णकन उतरली आणि क्षणभर अधांतरी लोंबली. लांब स्प्रिंग असती तर चाकाबरोबर ताणून खाली गेली असती आणि जागेवर राहिली असती. पण ही होती कापलेली, आखूड. तिला धरून ठेवायला काही उरलंच नाही. खालून 'टंग' असा आवाज आला. डावी स्प्रिंग ट्रकखालून निघाली, उड्या मारत गल्लीतून गेली आणि एका पेढेवाल्याच्या पायरीशी जाऊन आडवी झाली. उजवी तिच्या मागोमाग. दोघी जन्मापासून बरोबर होत्या.

ट्रकचा मागचा भाग बसला तो बसलाच. हौदा मागे कलला, चौरंग मागे कलला, आणि बाप्पा हळूच, अगदी सावकाश, दुपारच्या जेवणानंतर कुणी टेकावं तसे दिनानाथच्या लोडांवर रेलले. दोऱ्या कचकचल्या, पण टिकल्या. मूर्तीला कुठे ओरखडा नाही.

बँड बंद पडला. फक्त बँडमधल्या एका माणसाला मागे काय झालं ते दिसलं नव्हतं, तो एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला.

दिनानाथ उतरला. पेढेवाल्याच्या पायरीपर्यंत चालत गेला. स्प्रिंग उचलली. उलटसुलट करून पाहिली. आपला मुलगा कुणाकडून मार खाऊन घरी आला की बाप जसा बघतो तसा बघत म्हणाला, "मुंडले साहब. ये तो हमारी है."

"दिनानाथ," ढुंढिराज म्हणाले, "मी तुझा अपराधी आहे. मजकडून घोर प्रमाद घडला." हे शुद्ध मराठीत असल्यामुळे दिनानाथला कळलं नाही, पण माणूस फारच घाबरलाय एवढं कळलं.

तेवढ्यात श्रीराम गुरुजी गर्दीतून वाट काढत आले. बाप्पा कलले होते. चांगलेच. ढुंढिराजांनी डोळे मिटले. जी एक गोष्ट टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, नेमकी तीच झाली होती, आणि तीसुद्धा काकूंच्या डोळ्यांदेखत, वीस पावलं अलीकडे. गेल्या वर्षी देव आला नव्हता. या वर्षी आला, तो असा आडवा.

"ढुंढी!"

सज्ज्यातून हाक आली. पन्नास वर्षांपूर्वी आरती चुकल्यावर यायची तशीच. ढुंढिराजांनी नकळत तळहात मागे लपवला.

"जी, काकू."

"कुणी हलवू नका रे गाडी! अजिबात हात लावू नका!"

सगळ्यांनी वर पाहिलं. काकू सज्ज्याचा कठडा धरून वाकल्या होत्या. आणि मग सगळ्यांनी बाप्पाकडे पाहिलं, आणि काकू जे बघत होत्या ते सगळ्यांना दिसलं. हौदा मागे बसल्यामुळे मूर्तीचं तोंड वर झालं होतं. वळणाच्या अलीकडून बाप्पा मान उंचावून थेट पहिल्या मजल्याकडे बघत होते.

"इतकी वर्षं," काकू म्हणाल्या, "मी वरून ओवाळते. वरून काय दिसतं रे? मुकुट. नुसती टाळू दिसते देवाची. दर वर्षी म्हणते, एकदा तरी वर बघ मेल्या." त्यांनी पदराने डोळे पुसले, पण आवाज पट्टीचाच होता. "आज बघतोय. डोळे किती छान काढलेत, नाही?"

गर्दीत मागे उभा असलेला मूर्तिकार काहीतरी म्हणाला, पण गमछ्यात नाक शिंकरत म्हटल्यामुळे ते बंगालीत होतं की हिंदीत, कळलं नाही.

"ढुंढी, माझ्यासाठी मुद्दाम केलंस हे?"

ढुंढिराज बँकेतले माणूस. तीस वर्षांत त्यांनी कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यांनी दिनानाथकडे पाहिलं. दिनानाथने हातातल्या स्प्रिंगेकडे पाहिलं, सज्ज्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

"हो, काकू," ढुंढिराज म्हणाले.

"पण गुरुजी," अध्यक्ष हळूच कुजबुजले, "देव कललाय. आता प्रायश्चित्त वगैरे..."

गुरुजींनी दाढी खाजवली. कमानीकडे बघितलं, सज्ज्याकडे बघितलं. "मी काय सांगितलं होतं?" ते शेवटी म्हणाले. "देवाला आपण कलवायचं नाही. तो स्वतःहून कलला, तर त्याला विचारणारे आपण कोण?" आणि टाळ हातात घेतले.

काकूंनी आरती म्हटली. घाईघाईने एक कडवं म्हणून गाडी पुढे काढायची दर वर्षीची पद्धत या वर्षी शक्यच नव्हती, कारण गाडी पुढे जाणार नव्हती. म्हणून सगळ्या आरत्या झाल्या. 'लवथवती'सुद्धा झाली, आणि गल्लीतल्या पन्नास-पन्नास वर्षांच्या अधिकाऱ्यांनी, प्राध्यापकांनी आणि गुरुजींनी ती वर बघत, न चुकता म्हटली. तूप पुरलं.

मग राहिला प्रश्न कुंडापर्यंत जायचा. कुणी काही बोलायच्या आत मागून लाकडी चाकांचा खडखडाट आला. इंदूवहिनी एका ठेलेवाल्याला घेऊन येत होत्या. ठेला धुतलेला होता, त्यावर स्वच्छ चादर होती, चारी कोपऱ्यांना झेंडूच्या माळा होत्या. म्हणजे तयारी आत्ताची नव्हती, सकाळपासूनची होती. इंदूवहिनींनी ठेल्याकडे, मग कमानीकडे, मग पुन्हा ठेल्याकडे बघितलं. ढुंढिराजांनी चष्मा काढला.

बारा जणांनी बाप्पा चौरंगासकट उभेच्या उभे उचलले आणि ठेल्यावर ठेवले. उचलणाऱ्यांत सगळ्यांत पुढे दिनानाथ होता. तो ढुंढिराजांच्या कानाशी येऊन म्हणाला, "कबाड़ वाली कहाँ है?"

"लल्लन के पेड़ के नीचे. साबुत हैं."

"वो लगवा दीजिएगा," दिनानाथ म्हणाला. "ज़ंग है तो है. हम भगवान थोड़े ही हैं."

त्या भंगारातल्या स्प्रिंगा निघाल्या एका मोठ्या गाडीच्या. त्यामुळे दिनानाथचा ट्रक हल्ली शेपूट उभारलेल्या मांजरासारखा फिरतो, आणि चौकातला हवालदार त्याला अडवून विचारतो, "अब ई काहे खड़ी है?" पण ते नंतरचं.

त्या दिवशी ठेला निघाला. बँड वाजला, पेढेवाल्याने पायरीवरची दुसरी स्प्रिंग आणून दिली, आणि एकाही माणसाने किलोचा भाव विचारला नाही. वळणावर ढुंढिराजांनी मागे वळून पाहिलं. काकू अजून सज्ज्यात उभ्या होत्या.

"पुढच्या वर्षी लवकर या!" त्यांनी बाप्पाला सांगितलं. मग कठड्यावरून वाकून, पट्टीच्या आवाजात ओरडल्या, "आणि ढुंढी! ते खालचं काय कापलंस ना, ते पुढच्या वर्षीसुद्धा तेवढंच काप!"